न दिसणारी खूण : सॉफ्टवेअरची चोरी आणि डिजिटल जलचिन्ह

शंभर रुपयांची नोट उजेडासमोर धरली की तिच्या कोऱ्या भासणाऱ्या भागात महात्मा गांधींची छबी उमटते. ही छबी शाईने छापलेली नसते. कागदाचा लगदा ओला असतानाच त्याचा थर कोठे पातळ, कोठे जाड ठेवून ती घडविलेली असते. पातळ जागेतून उजेड अधिक येतो, जाड जागेतून कमी येतो, आणि त्या उजेडसावलीतून चेहरा साकार होतो. १९९६ साली महात्मा गांधी मालिकेच्या नोटा आल्या. त्यापूर्वीच्या नोटांत अशाच जागी अशोकस्तंभावरील सिंहमुद्रा दिसत असे. कागदात मुरलेल्या अशा खुणेला जलचिन्ह किंवा वॉटरमार्क म्हणतात. इटलीतील फाब्रियानो गावच्या कागदकारांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस अशा खुणा वापरण्यास आरंभ केला. सर्वांत जुना ज्ञात नमुना १२८२ सालचा मानला जातो. कागद कोणाच्या हातचा आहे, हे कागदानेच सांगावे, एवढा साधा हेतू त्यामागे होता.

आज हीच कल्पना संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये वापरली जाते. प्रस्तुत लेखात आम्ही तिची ओळख करून देत आहोत. ही ओळख या स्मरणिकेच्या वाचकांस करून देण्यास कारण आहे. एके काळी संगणक ही आपल्यापैकी बहुतेकांच्या दृष्टीने दुरून पाहण्याची वस्तू होती. आज आपल्याच वसतिगृहात वाढलेली मुलेमुली प्रोग्रॅम लिहितात. कोणी दवाखान्याच्या नोंदींसाठी लिहितो, कोणी पतसंस्थेच्या हिशेबासाठी, कोणी शाळेच्या निकालपत्रकांसाठी. अशा एकट्यादुकट्या लेखकाचा प्रोग्रॅम एका ग्राहकाकडून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याकडून दहाव्याकडे फुकट गेला, तर बड्या कंपनीचे बिघडते त्याहून त्याचे अधिक बिघडते. त्याच्यापाशी वकिलांची फौज नसते. ‘हे माझे आहे’ हे सिद्ध करण्याचे साधन तरी त्याच्या हाती असावे, असे आम्हांस वाटते.

‘काय गेले त्याचे?’

पंचशीलातील दुसरे शील चोरी न करण्याचे आहे, असे आपण सर्वसाधारणपणे म्हणतो. परंतु पाली भाषेतील ‘अदिन्नादान’ या शब्दाचा नेमका अर्थ ‘जे दिलेले नाही ते घेणे’ असा आहे. सॉफ्टवेअरच्या बाबतीत हा नेमका अर्थ फार उपयोगी पडतो. सायकल चोरीस गेली तर मालकाला पायी चालावे लागते. प्रोग्रॅमची नक्कल केली तर मूळ प्रत मालकापाशी जशीच्या तशी राहते आणि नक्कलही मुळाबरहुकूम चालते. म्हणूनच पुष्कळांना ही चोरी वाटत नाही. ‘काय गेले त्याचे?’ असा प्रश्न सहज विचारला जातो. खरा प्रश्न मात्र ‘काय दिले होते?’ हा आहे. प्रोग्रॅम विकत घेताना आपण त्याचा मालकीहक्क घेत नाही. ठरावीक अटींवर वापरण्याची परवानगी घेतो. या परवानगीपत्रालाच परवाना किंवा लायसन्स म्हणतात. एका संगणकासाठी दिलेला प्रोग्रॅम चाळीस संगणकांवर चढविला, तर एकोणचाळीस ठिकाणी न दिलेले घेतले गेले, हे उघड आहे.

ही नक्कल रोखण्याचे जुने उपाय कुलुपाच्या जातीचे आहेत. विकत घेताना मिळणारा अनुक्रमांक, संगणकाला जोडावा लागणारा डोंगल, इंटरनेटवरून होणारी परवान्याची तपासणी, ही सारी कुलुपेच होत. कुलूप एकदा फुटले की त्याचे काम संपते. जलचिन्हाचे काम तेथून पुढे सुरू होते. ते चोराला अडवीत नाही. चोरीची प्रत सापडल्यावर ती कोणाची आहे आणि कोणाला दिली होती, एवढे ते सांगते. थोडक्यात, ते कुलूप नसून साक्षीदार आहे. पुढील सारे विवेचन हा एक भेद ध्यानात ठेवून वाचावे.

प्रोग्रॅममध्ये सापडलेले नाव

असा साक्षीदार किती प्रभावी ठरतो, याचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. १९८२ साली फ्रँकलिन कॉम्प्युटर कॉर्पोरेशन या कंपनीने ‘एस १००’ नावाचा संगणक बाजारात आणला. ॲपल २ या संगणकासाठी लिहिलेले प्रोग्रॅम त्यावर चालत असत. ॲपल कंपनी न्यायालयात गेली. तपासणीत फ्रँकलिनच्या एका प्रोग्रॅममध्ये जेम्स हस्टन हे नाव आढळले. हस्टन हे ॲपलचे प्रोग्रॅमर होते. दुसऱ्या एका प्रोग्रॅममध्ये ‘ॲपलसॉफ्ट’ हा शब्द तसाच राहिला होता. एवढ्या पुराव्यापुढे फ्रँकलिनने नक्कल केल्याचे नाकारले नाही. संगणक चालविणाऱ्या मूलभूत प्रोग्रॅमना कॉपीराइट, म्हणजे प्रताधिकार, लागूच होत नाही, असा युक्तिवाद मात्र तिने केला. ऑगस्ट १९८३ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला.

या प्रकरणातून ॲपलने धडा घेतला. नव्या मॅकिंटॉश संगणकाची तयारी चालू असताना स्टीव्ह जॉब्ज यांना एक कल्पना सुचली. उद्या कोणी मॅकिंटॉशचा अंतर्गत प्रोग्रॅम उचलला, तर भर न्यायालयात त्या नकली संगणकावर चार कळा दाबाव्यात आणि पडद्यावर ‘ॲपलकडून चोरलेले’ असे चित्र उमटावे! सुझन केअर यांनी तुरुंगाच्या गजांचे चित्र काढले. अँडी हर्ट्झफेल्ड आणि सहकाऱ्यांनी ते आकसून आकडेवारीच्या तक्त्यांमध्ये दडविले, जेणेकरून प्रोग्रॅम उकलून पाहणाऱ्यालाही ते ओळखू येऊ नये. हर्ट्झफेल्ड यांनी पुढे लिहून ठेवले आहे की, त्यांच्या माहितीप्रमाणे ते चित्र न्यायालयात दाखविण्याची वेळ कधी आली नाही.

या दोन घटनांत जलचिन्हाचे दोन मुख्य प्रकार दिसतात. हस्टन यांचे नाव प्रोग्रॅमच्या मजकुरात पडून होते. प्रोग्रॅम न चालविताही ते वाचता येत होते. अशा खुणेला स्थिर जलचिन्ह म्हणतात. गजांचे चित्र मात्र प्रोग्रॅम चालू करून, ठरावीक गुप्त आज्ञा दिल्यावरच प्रकट होणारे होते. ते गतिमान जलचिन्ह होय.

क्रमात लपलेला आकडा

मजकुरात ठेवलेले नाव शोधून पुसणे चोराला अवघड नाही. म्हणून अभ्यासकांनी अशा जागा शोधल्या की जेथे पुसण्यासारखे काही दिसतच नाही. त्यांपैकी पहिली जागा म्हणजे क्रम.

वसतिगृहाच्या स्वयंपाकघराचे उदाहरण घेऊ. भाजी चिरणे, कणीक मळणे, तांदूळ निवडणे, पाणी भरणे आणि ताटे मांडणे ही पाच कामे कोणत्याही क्रमाने केली तरी जेवण तेच होते. या पाच कामांचे १२० वेगवेगळे क्रम लावता येतात. प्रत्येक क्रमाला १ ते १२० यांपैकी एक आकडा नेमून दिला, तर कामे कोणत्या क्रमाने झाली हे पाहून आकडा ओळखता येईल. दहा कामे असतील तर क्रमांची संख्या ३६,२८,८०० होते. प्रोग्रॅममध्येही मागेपुढे केल्याने काही बिघडत नाही असे शेकडो तुकडे असतात. त्यांच्या मांडणीतच मालकाचा आकडा लपविता येतो. या पद्धतीचे पेटंट मायक्रोसॉफ्टमधील रॉबर्ट डेव्हिडसन आणि नेथन मिरव्होल्ड यांच्या नावे १९९६ साली अमेरिकेत नोंदले गेले.

पद्धत सुरेख आहे, पण तिचे मर्म कळलेल्या चोराला फार कष्ट पडत नाहीत. जे तुकडे मागेपुढे केल्याने काही बिघडत नाही, ते तोही मागेपुढे करू शकतो. आकडा कोणता होता हे त्याला कळत नाही. पण कळण्याची त्याला गरजही नसते.

स्मृतीत विणलेली साखळी

१९९९ साली ख्रिश्चन कोलबर्ग आणि क्लार्क थॉम्बोर्सन या संशोधकांनी यावर वेगळा मार्ग सुचविला. खूण प्रोग्रॅमच्या मजकुरात ठेवायचीच नाही. प्रोग्रॅम चालू असताना, मालकालाच ठाऊक असलेली माहिती ठरावीक क्रमाने दिली, तरच ती संगणकाच्या स्मृतीत आकार घेईल अशी योजना करायची.

हा आकार म्हणजे एक प्रकारची साखळी. काही मुले रिंगण करून उभी आहेत, असे समजू. प्रत्येक मुलाने डावा हात शेजारच्या मुलाच्या खांद्यावर ठेवला आहे, त्यामुळे रिंगणाचा क्रम ठरतो. उजव्या हाताने प्रत्येक जण रिंगणातील कोणा एकाकडे बोट दाखवितो. ते बोट किती जागा पुढे आहे, तो झाला एक अंक. सर्व मुलांचे अंक ओळीने मांडले की मोठी संख्या तयार होते. संगणकाच्या स्मृतीत मुलांऐवजी माहितीच्या पेट्या असतात आणि बोटांऐवजी त्या पेट्यांचे एकमेकींकडे निर्देश असतात. प्रोग्रॅम आपल्या नित्याच्या कामासाठीही अशा असंख्य पेट्या जोडीत असतो. त्या गर्दीत खुणेची साखळी वेगळी ओळखणे आणि धक्का न लावता बाकीचे चालू ठेवणे चोराला जड जाते.

आता शंका अशी येईल की, न्यायालयात कोणीही एखादी संख्या दाखवून ‘ही माझी खूण’ म्हणू शकेल. त्यावर उपाय गणितात आहे. खुणेची संख्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार असावी. उदाहरणार्थ, ८९ गुणिले ९७ बरोबर ८,६३३. एवढ्या लहान संख्येचे अवयव कोणीही पाडील. पण शेकडो अंकांच्या संख्येचे असे दोन अवयव शोधणे आजच्या संगणकांनाही व्यवहारात साधत नाही. ते दोन अवयव जो सांगेल, त्यानेच ती संख्या घडविली आहे, हे मान्य करावे लागते. योगायोगाची सबब तेथे टिकत नाही.

या विषयात आपल्याकडील नावेही आहेत. रामरत्नम वेंकटेशन, विजय वझिरानी आणि सौरभ सिन्हा यांनी २००१ साली मांडलेल्या पद्धतीत प्रोग्रॅमच्या कामाचे मार्ग आणि खुणेचे मार्ग एकमेकांत इतक्या धाग्यांनी विणले जातात की, एक उसवायला गेले तर दुसरे फाटावे. ॲरिझोना विद्यापीठात कोलबर्ग आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तयार केलेल्या ‘सँडमार्क’ या साधनात अशा अनेक पद्धती जावा भाषेतील प्रोग्रॅमवर लावून आणि मोडूनही पाहता येतात.

प्रत कोणाकडून फुटली?

आतापर्यंत पाहिलेली खूण सर्व प्रतींत एकच असते. ती मालक कोण हे सांगते. प्रत्येक ग्राहकाच्या प्रतीत वेगळी खूण घातली, तर प्रत कोणाकडून बाहेर गेली हेही कळते. या प्रकाराला बोटांच्या ठशांवरून अंगुलिमुद्रा असे नाव पडले आहे. चित्रपटांच्या क्षेत्रात तिचा गाजलेला प्रयोग २००४ साली झाला. ऑस्कर पुरस्कारांसाठी मतदान करणाऱ्या सदस्यांना पाहण्यासाठी पाठविलेल्या चित्रपटांच्या प्रती इंटरनेटवर पसरल्या. प्रत्येक प्रतीत वेगळी अदृश्य खूण होती. तिच्या आधारे माग एका अभिनेत्यापर्यंत पोहोचला आणि अकादमीने त्याचे सदस्यत्व काढून घेतले.

मात्र याच वेगळेपणात एक दुबळेपणा आहे. दोन ग्राहकांनी आपापल्या प्रती शेजारी ठेवून ताडून पाहिल्या, तर जेथे फरक दिसेल तेथे खूण आहे हे उघड होते. डॅन बोने आणि जेम्स शॉ यांनी १९९५ साली अशा संगनमतालाही काही मर्यादेपर्यंत पुरून उरणाऱ्या खुणांची रचना दाखविली. तरीही संगनमत करणारे जितके अधिक, तितकी खूण लांबलचक करावी लागते.

संगनमताखेरीज चोराचे आणखी तीन डाव संभवतात. पहिला, खूण शोधून काढून टाकणे. दुसरा, खूण न सापडली तरी सारा प्रोग्रॅम वरखाली करून ती बिघडविणे. तिसरा अधिक धूर्त आहे : मालकाच्या खुणेवर आपलीही खूण घालून स्वतःच मालक असल्याचा दावा करणे. या तिसऱ्या डावाला उत्तर आहे. मालकाने जपून ठेवलेल्या मूळ प्रतीत चोराची खूण नसते. चोराच्या प्रतीत मात्र दोन्ही खुणा सापडतात. म्हणून खूण घालण्याइतकेच मूळ प्रत तारखेनिशी जपून ठेवणे महत्त्वाचे आहे.

अभेद्य उपाय कोणी विकू लागला तर सावध राहावे. प्रोग्रॅम दुर्बोध करून आतले काही कळू न देणारी सर्व प्रोग्रॅमना लागू पडेल अशी परिपूर्ण युक्ती असूच शकत नाही, हे बोअझ बराक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली गणिताने सिद्ध केले. चोरीचे कष्ट चोरीच्या लाभाहून अधिक व्हावेत, एवढीच अपेक्षा धरणे शहाणपणाचे आहे.

साक्षीदाराला न्यायालय हवे

खूण नक्कल सिद्ध करते; ती नक्कल गुन्हा आहे की नाही, हे कायदा ठरवितो. अमेरिकेतील एका खटल्यात हे स्पष्ट झाले. कॅन्सस राज्यातील रूरल या टेलिफोन कंपनीने आपल्या डिरेक्टरीत काही खोटी नावे मुद्दाम घातली होती. फाइस्ट या प्रकाशकाच्या १९८३ च्या डिरेक्टरीत रूरलच्या १,३०९ नोंदी जशाच्या तशा निघाल्या आणि त्यांत चार खोट्या नोंदीही होत्या. नक्कल सिद्ध झाली. तरीही १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल रूरलच्या विरुद्ध दिला. कारण नावे आणि क्रमांकांच्या वर्णानुक्रमी यादीत स्वतंत्र निर्मिती नाही, म्हणून तिला कॉपीराइटच नाही, असे न्यायालयाने ठरविले.

आपल्या देशात कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाचे प्रोग्रॅम त्याच्या कक्षेत आले आणि साहित्यकृतीप्रमाणे त्यांना संरक्षण मिळाले. १९९४ च्या दुरुस्तीने कलम ६३ ब घातले गेले. त्यानुसार चोरीचा प्रोग्रॅम जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर लाभासाठी किंवा व्यापारासाठी नसेल, तर न्यायालय कैद न देता केवळ दंडावर भागवू शकते. २०१२ च्या दुरुस्तीतील कलम ६५ ब प्रमाणे, कृतीशी जोडलेली हक्कांविषयीची माहिती अनधिकाराने काढून टाकणे वा बदलणे हा गुन्हा असून त्यास दोन वर्षांपर्यंत कैद आहे. मालकाचे नाव सांगणाऱ्या जलचिन्हाला येथे आधार मिळतो. मात्र वापरणाऱ्याची ओळख पटविण्यासाठी योजलेले साधन कायद्याने या व्याख्येतून स्पष्टपणे वगळले आहे.

हे वगळणे आम्हांस विचारपूर्वक केलेले वाटते. चोर पकडणारी खूण सज्जनावर पाळतही ठेवू शकते. काही रंगीत प्रिंटर प्रत्येक पानावर डोळ्यांना न दिसणारे पिवळे ठिपके उमटवितात. छपाईची वेळ आणि प्रिंटरचा क्रमांक त्यांत असतो, हे इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २००५ साली उलगडून दाखविले. म्हणून ग्राहकाच्या प्रतीत वेगळी खूण घालावयाची असेल, तर ती परवान्याच्या क्रमांकापुरती असावी, व्यक्तीची खाजगी माहिती तीत नसावी आणि तिचा उल्लेख करारात केलेला असावा.

आपण काय करावे?

प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माजी विद्यार्थ्यांस आमची काही विनंती आहे. प्रोग्रॅमच्या आरंभी आपले नाव आणि वर्ष उघडपणे लिहावे, आणि आत एकाहून अधिक जागी, वेगवेगळ्या प्रकारे, आपली खूण ठेवावी. प्रत्येक आवृत्तीची मूळ प्रत तारखेनिशी जपावी. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, परंतु वादाच्या वेळी ती पुरावा म्हणून उपयोगी पडते. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या प्रोग्रॅमचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. तेथे स्वतःची छुपी खूण घालणे योग्य नव्हे. आणि गुप्त खूण ठेवण्याच्या नावाखाली ग्राहकाच्या संगणकात शिरण्याची चोरवाट कदापि ठेवू नये. साक्षीदार बोलावा, त्याने घर फोडू नये.

पालकांस आणि समाजबांधवांस सांगणे असे की, कुलूप फोडलेला प्रोग्रॅम ज्याने फुकट वाटला, त्याने त्यात काय भरून दिले आहे हे आपल्याला दिसत नाही. दुकानाचे हिशेब, मुलांचे दाखले, बँकेचे पासवर्ड त्याच संगणकात असतात. रीतसर घेतलेल्या प्रोग्रॅमची, मूळ प्रत बिघडली तर हाताशी असावी म्हणून, राखीव प्रत काढून ठेवण्यास कायद्याची परवानगी आहे. आणि पैसे नसतील तरी मार्ग बंद नाही. लिनक्स, लिब्रेऑफिस, चित्रांसाठी गिम्प, रेखाटनासाठी इंकस्केप असे उत्तम प्रोग्रॅम त्यांच्या कर्त्यांनी सर्वांना वापरण्यास, शिकण्यास आणि वाटण्यासही मोकळे दिले आहेत. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पापासून या चळवळीस वेग आला. त्यांच्या जनरल पब्लिक लायसन्सची एक अट लक्षात घेण्याजोगी आहे : प्रोग्रॅम कितीही वाटा, पण कर्त्याची कॉपीराइटची नोंद तशीच राहू द्या. दान दिले तरी दात्याचे नाव पुसायचे नाही.

ही रीत आपल्याला परकी नाही. कार्ले येथील चैत्यगृहाच्या खांबांवर तो तो खांब कोणाचे दान आहे, हे ब्राह्मी अक्षरांत कोरलेले आहे. दात्यांत धेनुकाकटचे यवनही आहेत. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी आपण हे कोरीव काम केल्याची नोंद ठेवली आहे. त्या दगडांनी दोन हजार वर्षे दोनच गोष्टी सांगितल्या : हे कोणी केले आणि हे कोणी दिले. आपली मुले आज जे लिहीत आहेत, त्याबद्दलही या दोन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत. त्यासाठी लिहिणाऱ्याने खूण ठेवावी आणि वापरणाऱ्याने, ती दिसो वा न दिसो, दिलेले तेवढेच घ्यावे.